पोळपाट आणि हयातीचा दाखला

रोटोटुना, हॅमिल्टन
रविवार, ११ जून २००६

श्री. चंद्रशेखर खांबेटे, वेलिंग्टन यांस,

पत्र व्यवहाराचं आहे, म्हणून मायना आणि खुशाली दोन्ही गाळली आहेत.

इंटरनेटवरच्या लिलावाच्या साइटवर ‘ऋचा८५’ या नावाच्या ग्राहकाने मे महिन्यात माझ्याकडून एक पोळपाट आणि एक लाटणं विकत घेतलं. साइटवर माझं नाव ‘रंधा’ असं आहे, खरं नाव दिसत नाही. ग्राहकाचंही लिलाव संपेपर्यंत दिसत नाही. लिलाव संपला, पत्ता आला, आणि तो आपल्या घराचा निघाला. ही ऋचा म्हणजे माझी पुतणी, हे मला तेव्हा कळलं. ‘रंधा’ म्हणजे आपला काका हे तिला माहीत असायचं कारण नाही. आपल्याला तर नाहीच, कारण सख्खे भाऊ असूनही आपण दोघं दोन वर्षांत एकमेकांशी बोललेलो नाही.

व्यवहार रद्द करावा असं एकदा मनात आलं. पण विकलेला माल पाठवलाच पाहिजे असा साइटचा नियम आहे आणि मी नियम पाळतो. माल पाठवला. तो आपल्याकडे पोचलेला नाही, असं ऋचाने साइटवर कळवलं आहे. कुरिअर कंपनीच्या कॉम्प्युटरलाही तो कुठे आहे ते माहीत नाही.

माल असा: रिमू झाडाच्या लाकडाचा पोळपाट. लाकूड इथल्या एका पाडलेल्या घराच्या तुळईतलं, म्हणजे शंभर वर्षं वाळलेलं. वर फक्त जवसाचं तेल, पॉलिश नाही. लाटणं सरळ, मधे फुगवटा नाही. बाजारातली लाटणी मधे फुगीर असतात, त्याने पोळी मधे पातळ आणि कडेला जाड होते, आणि लोक दोष बाईला देतात. ही माहिती दाव्यासाठी लागत नाही, पण असावी.

कंपनी नुकसानभरपाई देते. मात्र पार्सल ज्याच्या नावाचं होतं त्याने ‘मला ते मिळालं नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ऋचाने नाव आपलं दिलं होतं. तसा मजकूर टाईप करून सोबत जोडला आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करावी आणि सोबतच्या पाकिटातून परत पाठवावा. पाकिटाला तिकीट लावलेलं आहे. सही इंग्रजीत चालेल. आपल्या इंग्रजी सहीतला टी आपण दोनदा कापता, तो एकदाच कापला तर बरं, यंत्राला वाचता येतो.

व्यवहारापुरता आपला,
शिरीष

ता. क. पोळपाटाला तीनच पाय का, असं आपण विचाराल. तीन पायांची वस्तू कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही. आपल्याला हे इंजिनिअरिंगला शिकवलं असेल, मी गॅरेजमध्ये शोधून काढलं. मी आपल्याला दिलेल्या जेवणाच्या टेबलाला चार पाय होते आणि चारही सारखे होते. मी ते मोजले होते. पाहुण्यांसमोर आपण त्यातल्या एकाखाली वर्तमानपत्राची घडी सारलीत आणि म्हणालात, “हा पाय सेल्फ-टॉट आहे.” सगळे हसले. वेलिंग्टनची घरं डोंगरउतारावर बांधलेली असतात. तिरपी आहे ती आपली जमीन. मी न जेवता निघालो हे बरोबर की चूक, याची चर्चा व्यवहाराच्या पत्रात नको.


रोटोटुना
रविवार, २५ जून २००६

दादास,

गेल्या पत्रात ‘आपण’ लिहिलं. आज लिहीत नाही. पानभर ‘आपण’ लिहून हात अवघडतो, दुसरं कारण नाही.

तुझा ईमेल आला. सही केलेला कागद आला नाही. ईमेल तू मराठीत टाईप केलास असं दिसतं, कारण माझ्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटले. तीन ओळी चौकोन, मधे एकदोन स्वल्पविराम, शेवटी प्रश्नचिन्ह. चौकोन चांगले एकसारखे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रिंट काढून मृदुलाला, म्हणजे तुझ्या भावजयीला, दाखवला. ती म्हणाली, “फोन करून विचारा की, काय लिहिलंय ते.”

मी म्हटलं, लेखी प्रश्नाला उत्तर लेखी द्यायचं असतं.

“चौकोनांना लेखी उत्तर काय देणार? गोल काढून पाठवा.”

प्रश्नचिन्ह कशाचं असेल यावर आमच्या घरात एकमत नाही. तिच्या मते ‘कसा आहेस?’ माझ्या मते ‘हे काय लावलंयस?’ तुझा स्वभाव तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

दाव्याची प्रगती अशी. कंपनीच्या भरपाई खात्यात ट्रेसी नावाची बाई आहे. ऑकलंडला बसते. आवाजावरून पन्नाशीची, जगातल्या प्रत्येकाला ‘लव्ह’ म्हणते. पहिल्या खेपेला मी दचकलो होतो. आता मृदुलाच विचारते, “आज लव्हचा फोन आला का?”

ट्रेसी म्हणाली, “वस्तू काय होती, लव्ह?”

मी म्हटलं, “रोलिंग बोर्ड. गोल, तीन पायांचा.”

“म्हणजे स्टूल.”

“स्टूल नाही. त्याच्यावर बसायचं नसतं. आमच्यात लहानपणी कोणी बसलं तर आई धपाटा घालते.”

“मग टेबल म्हण ना.”

“उंची दीड इंच आहे.”

ती हळूच म्हणाली, “मांजरासाठी का?”

मी तिला पोळी समजावून सांगितली. कणीक, तिंबणं, घडी, सगळं. ती म्हणाली, “वाटतं हीप्स ऑफ काम.” मी म्हटलं, आहेच. एवढं करून तिने कॉम्प्युटरमध्ये काय लिहावं? ‘बुटकं टेबल, काठीसह’. त्यामुळे कंपनीचे लोक दोन आठवडे गोदामात काठीवालं टेबल शोधत होते. शेवटी मी फोटो पाठवला. लगेच तिचा फोन. “अरे, हा तर चीज बोर्ड. आधी का नाही सांगितलंस? स्वीट अ‍ॅज, झकास, आता सापडेल.” पोळपाटाला चीज बोर्ड म्हणवून घेणं मला जड गेलं, पण शोध लागायचा तर नावावर अडून बसून चालत नाही.

तिने आणखी एक विचारलं. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं का? असतं तर ते आपोआप माझ्याकडे परत आलं असतं. मी सांगितलं, घाईत राहिलं. तिने मानलं. माझ्या हातून घाईत काही राहत नाही हे तिला कुठून माहीत असणार.

तर सही कर. आणखी काही लिहायचं असेल तर हाताने लिही. हाताने लिहिलेलं माझ्याकडे नीट उमटतं.

शिरीष


रोटोटुना
बुधवार, ५ जुलै २००६

दादा,

काल संध्याकाळी तुझ्याकडे फोन वाजला. तू ‘हॅलो’ म्हणालास. मग ‘हू इज इट?’ मग मराठीत, ‘कोण आहे रे?’ पलीकडून कोणी बोललं नाही. तो मी होतो.

काल कंपनीचं पत्र आलं. ट्रेसीचं नव्हे, तिच्या वरच्या कोणाचं तरी. त्याचा मराठी अर्थ असा: ‘आमच्या ड्रायव्हरच्या नोंदीनुसार पत्ता बरोबर होता, परंतु घरातील वयस्कर महिलेने सांगितल्याप्रमाणे श्री. चंद्रशेखर खांबेटे आता हयात नाहीत. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अशा परिस्थितीत निवेदनावर वारसाची सही ग्राह्य धरली जाईल.’

कामावरून आलो होतो, पत्र पेटीपाशीच उभ्याने उघडलं. हातात कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, घेतलेली पावाची लादी होती. ती मी कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही. बूट न काढता घरात गेलो. तुझा नंबर मी गेल्या दोन वर्षांत कुठेही लिहून ठेवलेला नाही. बोटांना येत होता.

तुझा आवाज ऐकल्यावर बोलायला हवं होतं. बोलणार होतो. पण फोन ठेवून दिला. मृदुला स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, “काय झालं?”

मी म्हटलं, “तो आहे.”

“कोण आहे?”

मी पत्र पुढे केलं. तिने वाचलं, आणि काय केलं असेल? ड्रायव्हरच्या नोंदीच्या तारखेवर बोट ठेवलं. नोंद मेमधली. तुझे चौकोन जूनमधले. मेलेला माणूस चौकोन पाठवत नाही. लग्नपत्रिकेतली तिथी आणि वार जुळतात की नाही हे तपासणारा मी, आणि मी तारीख बघितली नाही. ती म्हणाली, “तुम्ही आणि तारीख बघितली नाही?” आणि हसायला लागली. मग मीही. मग बूट काढायला खाली बसलो तो उठवेना, इतकं हसू. मधेच ते हसू राहिलं नव्हतं, पण तेवढ्यापुरतंच. मृदुलाने पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल.

आता एक गोष्ट दुरुस्त करतो. खोक्यावर माझं नाव घाईत राहिलं नव्हतं. नाव बघून तू ते न उघडता परत पाठवशील असं वाटलं, म्हणून मुद्दाम लिहिलं नाही. निदान पोळपाट तरी तुझ्या घरात जाऊ दे, असा हिशेब होता.

तू मेलास असं ड्रायव्हरला कोणी सांगितलं, त्याचा छडा लाव. बाई वयस्कर आहे. मेधावहिनी म्हणाव्यात, तर त्या अजून तेवढ्या नाहीत, आणि रागावल्या तरी इतक्या थराला जाणार नाहीत.

सही आता राहू दे. आधी हे.

शिरीष


रोटोटुना
रविवार, १६ जुलै २००६

दादा,

शुक्रवारी दुपारी मी तुझ्या घरी फोन केला तेव्हा तू ऑफिसात होतास. रात्री तू उलट फोन केलास, पण त्यात तू वीस मिनिटं वेलिंग्टनच्या वाऱ्यावर बोललास आणि मी हॅमिल्टनच्या धुक्यावर, त्यामुळे दुपारचं राहून गेलं. ते लिहितो. छडा तू लावायचास, पण लागला माझ्याकडे.

फोन मेधावहिनींनी घेतला. वयस्कर महिला हा शब्द काढताच त्या म्हणाल्या, “आई आलीय एप्रिलपासून. थांबा, देते,” आणि मी काही म्हणायच्या आत सरोजकाकू फोनवर. तुझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार म्हणा.

“शिरीषराव, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं,” काकूंनी सुरुवातच अशी केली. “घरात मी एकटी. बेल वाजली. दारात हा उंच मुलगा. एवढ्या थंडीत अर्धी चड्डी. हातात खोकं. आणि माझ्या तोंडावर विचारतो, ‘चंड्राशेकर?’”

“बरं, मग?”

“मग काय? असं नुसतं. ना श्री, ना राव. मुंज झालेल्या पोराला हाक मारल्यासारखं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या सासऱ्यांचं नावही चंद्रशेखर. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत ‘चंद्रशेखर यांची कन्या’ आणि ‘चिरंजीव चंद्रशेखर’ असं दोन्ही आलं, तर छापखानेवाल्याला वाटलं चुकून दोनदा पडलं, आणि त्याने एक उडवलं. आपल्या अप्पांनी हाताने शाईने सगळ्या पत्रिका दुरुस्त केल्या होत्या, आठवतं का? सासऱ्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

“काकू, तुम्ही काय सांगितलंत त्याला?”

“काय सांगणार? एवढा संसार केला, उखाण्याशिवाय कधी नाव घेतलं नाही, ते काय त्या पोरासमोर घेऊ? मी म्हटलं, ‘ही नो.’ त्याला कळेना. मग म्हटलं, ‘ही नो मोअर.’ आणि बोट वर केलं.”

“वर?”

“मग कुठे करू?”

त्या मुलाने डोक्यावरची टोपी काढली, दोनदा सॉरी म्हणाला आणि खोकं काखेत मारून फाटकापर्यंत पाय न वाजवता गेला. काकू म्हणतात, “पोरगा गुणी होता हो. चहा विचारायला हवा होता.”

मी म्हटलं, “पण काकू, पार्सल सासऱ्यांचं नव्हतं, जावयाचं होतं.”

“जावयाला मी नावाने हाक मारते का? त्यांना मी जावईबापू म्हणते. तुम्ही खोक्यावर जावईबापू लिहायला हवं होतं.”

पुढच्या वेळी लिहीन.

मग कळलं की पोळपाट मुळात त्यांच्याचसाठी होता. त्यांचा स्वतःचा, साताऱ्याहून बॅगेतून आणलेला, ऑकलंडच्या विमानतळावर अडकला. लाकडाला दोन बारीक भोकं होती. तपासणाऱ्या बाईने भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, किडा असू शकतो, एक तर औषध मारू नाहीतर टाकून देऊ. काकू म्हणाल्या, “औषध मारलेल्यावर मी पोळी लाटू?” आणि हात जोडून निघाल्या. तेव्हापासून त्या तुमच्या ओट्यावर लाटतायत आणि पोळ्या चौकोनी होतायत असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऋचा साइटवर शोधायला बसली.

तेवढ्यात ऋचा युनिव्हर्सिटीतून आली. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी मला पाठवलेला ईमेल तुमच्या कॉम्प्युटरवर अक्षरांत असेल, तो वाच. तिने अडखळत वाचला. ‘पोळपाट तुझाच, हे ऋचाने फोटोतल्या फुटक्या अंगठ्यावरून ओळखलं, म्हणून तो घेतला. भरपाईच्या कागदावर मी सही करणार नाही. स्वतः घेऊन यायला तुला काय होतं?’

म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बाबतीत आम्ही दोघंही हरलो.

अंगठ्याचं मला सुचलं नाही. पोळपाटाचा आकार कळावा म्हणून फोटोत डावा हात धरला होता. पटाशीने चिरलेलं ते नख जगात एकाचंच. मी नाव लपवलं आणि अंगठा दाखवला. ऋचा म्हणाली, “काका, वी ऑल न्यू. बाबा न्यू फर्स्ट.” म्हणजे ईमेलात तू स्वतःऐवजी तिचं नाव घातलंस. मग ती म्हणाली की गेल्या वर्षी तिने जेवणघरात गोटी सोडली होती, ती टेबलाखालून थेट फ्रिजपाशी गेली, आणि तू ती उचलून खिशात टाकलीस आणि कोणाला काही बोलू नकोस म्हणालास. आता विषय संपला. मीही परत काढणार नाही.

आता दाव्याचं. चीज बोर्ड म्हटल्यावर पार्सल खरंच सापडलं. ऑकलंडच्या डेपोत आहे, पत्ता न लागलेल्या पार्सलांच्या खोलीत. म्हणजे भरपाईचा प्रश्न मिटायला हवा. पण मिटत नाही. मी ट्रेसीला म्हटलं, पाठवून दे वेलिंग्टनला.

“नाही पाठवता येत, लव्ह. कॉम्प्युटरमध्ये तो मेलाय.”

“मेलेला नाही. तो फक्त वेलिंग्टनला राहतो.”

“आम्ही ऑकलंडवाले त्यात फार फरक करत नाही.”

हसून झाल्यावर तिने नियम सांगितला. पाठवणाऱ्याचं नाव नाही आणि घेणारा मयत, अशा पार्सलासाठी दोघांनी समक्ष यायचं. पाठवणाऱ्याने वस्तू ओळखायची, घेणाऱ्याने फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. म्हणजे अप्पा पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन द्यायचे तोच हयातीचा दाखला. तुला एवढ्यात द्यावा लागेल असं वाटलं नव्हतं.

तू म्हणालास की ऑगस्टात तुझी ऑकलंडला मीटिंग आहे आणि शनिवारी तू मोकळा आहेस. डेपोचं काउंटर शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं. हॅमिल्टनहून मी गाडीने येतो. लायसन्स बरोबर ठेव. तू वस्तू विसरतोस.

काकूंना म्हणावं, तोवर ओट्यावर कणकेखाली पीठ थोडं जास्त घ्या.

शिरीष


रोटोटुना
रविवार, २० ऑगस्ट २००६

प्रिय दादा,

तू काल विमानाने वेळेवर पोचलास हे वहिनींनी मृदुलाला सांगितलं. काकूंना नवा पोळपाट पसंत पडला हेही. तो मी मुद्दाम दुसरा करून तुझ्या हातात दिला, कारण डेपोवर माझा विश्वास नव्हता. विश्वास नसणं बरोबर ठरलं, पण वेगळ्या कारणाने. तेच लिहायला बसलो आहे, कारण त्यातलं थोडं तुला माहीत नाही.

काउंटरवर तू खिसे चाचपलेस, “लायसन्स गाडीत राहिलं,” म्हणालास आणि बाहेर गेलास. मी तिथेच थांबलो. काउंटरच्या बाई बहुतेक सामोअन असाव्यात, केसात कापडी फूल, नाकावर चष्मा. ‘किया ओरा’ हा माओरी नमस्कार आधी म्हणून झाला होता. त्यांनी पार्सल आणून समोर ठेवलं. मी दुरूनच ओळखलं. चिकटपट्टीचे कोपरे मी पंचेचाळीस अंशांत कापतो, तसं कोणी कापत नाही.

त्या म्हणाल्या, “आणि ते बाहेर गेले ते कोण?”

“अ‍ॅड्रेसी,” मी म्हटलं.

“ते मला खोक्यावर वाचता येतं. तुझे कोण?”

“भाऊ.”

“मोठा?”

“हो. कॉम्प्युटरमध्ये तो मेलेला आहे, पण ती चूक आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर तुझ्याकडे. तू गाडीच्या मागच्या सीटवर अर्धा आत, अर्धा बाहेर, पाय हवेत. वाऱ्याने तुझा कोट उलटा डोक्यावर आला होता. बाई म्हणाल्या, “माझे चार भाऊ आहेत. मोठा भाऊ एवढा वेळ शोधतोय आणि तू इथे उभा? जा, मदत कर.”

मी आलो.

पुढचं तुला माहीत आहे. मी आलो तेव्हा तुझ्या हातात लायसन्स नव्हतं, काकूंनी दिलेला डबा होता. तू म्हणालास, “हा सापडला, आधी हे बघ.” धपाटे, वर लसणाची चटणी, आणि कागदात गुंडाळलेले तिळाचे लाडू. ऑगस्टमध्ये तिळाचे लाडू कसे, तर तू म्हणालास, काकूंच्या मते थंडी आहे तिथे संक्रांत. आपण गाडीत बसलो, कारण वारा होता. मग सहावीत तू माझ्या नावाने गणिताचा पेपर दिलास आणि मी पहिला आलो, ते निघालं. मग अप्पांनी मला डिप्लोमाला घालायला पैसे ठेवले होते आणि मी ते पटाश्यांवर उडवले, ते निघालं. तू म्हणालास, “बरं झालं उडवलेस, नाहीतर माझ्यासारखा मीटिंगा करत बसला असतास.” हे वाक्य तू तोंडात घास असताना बोललास, त्यामुळे मी ते पुन्हा म्हणायला लावलं. तू पुन्हा म्हणालास. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा तू धपाटा परत मागितलास.

बाई शटर ओढून बाहेर आल्या, हातात किल्ल्या, तेव्हा कुठे आपल्याला वेळ कळली. त्यांनी काचेवर टकटक केलं. “मिळालं का लायसन्स?”

तू म्हणालास, “शोधतोय.”

त्या डब्याकडे बघून म्हणाल्या, “दिसतंय.” तू त्यांना लाडू दिलास. त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि सांगितलं, पार्सल कुठे जात नाही, पुढच्या शनिवारी या, नाहीतर त्याच्या पुढच्या.

आता तुला माहीत नसलेलं. लायसन्स तुझ्या शर्टाच्या खिशात होतं. कोट बाजूला झाला की त्याचा कोपरा दिसत होता, तुझ्या फोटोतल्या कपाळासकट. मी गाडीत बसल्या बसल्या पाहिलं. एरवी मी लगेच बोललो असतो, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण मी चटणी मागितली. मग पुढे दीडएक तास प्रत्येक वेळी तू वाकलास की ते वर यायचं आणि मी दुसरीकडे बघायचो.

तुला ते माहीत होतं का, हे मी विचारत नाही. भाड्याची गाडी घेताना सकाळी तू ते दाखवलंच असणार, आणि दाखवून खिशातच घातलं असणार. पण विचारत नाही.

ट्रेसीला उद्या फोन करायचा आहे. सांगेन की घेणारा हयात आहे, तब्येत उत्तम आहे, खातोही भरपूर. फक्त ओळख अजून कागदोपत्री पटलेली नाही, म्हणून दावा बंद करू नये. पार्सल सोडवायला अजून चारपाच शनिवार तरी लागतील.

तुझा,
शिरीष